पाय थांबले तरी मन थांबत नाही

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. दवाखान्यातली सकाळची गर्दी ओसरत आली होती. एक तरुण आई, तिच्या सासूबाई आणि दोन वर्षांचा मुलगा असे तिघे आत आले. मुलाला दोन दिवसांपासून ताप होता. मी कान, घसा, छाती तपासली, औषध लिहिले. टेबलावरून त्याला उचलून घेण्यासाठी आईने हात घातले मात्र, पोरगे धनुष्यासारखे ताठ झाले. मान मागे, पाठीची कमान, पाय कात्रीसारखे एकमेकांवर. आईने घाईघाईने त्याला सासूबाईंकडे दिले आणि खाली मान घालून म्हणाली, "असंच करतो बघा डॉक्टर. मी घेतलं की ढकलून देतो मला."

सासूबाईंनी भर घातली. "त्याला मानसं नकोच असत्यात. गोधडीवर टाकलं की गप पडून ऱ्हातो. मग आमी बी त्रास देत न्हाई."

मुलाची फाईल त्यांच्याजवळ होती. जन्मल्यावर उशिरा रडलेले बाळ, काचेच्या पेटीत दहा दिवस, पुढे सेरेब्रल पाल्सीचे निदान, व्यायामाच्या सूचना. सगळे रीतसर होते. पण हे ताठ होणे म्हणजे आईला नाकारणे नव्हे, तो स्नायूंचा दोष आहे, एवढी एक गोष्ट त्या आईला दोन वर्षांत कोणी सांगितलेली नव्हती.

मी मुलाला हळूच घेतले, कमरेत आणि गुडघ्यांत वाकवले, दोन्ही हात पुढे छातीपाशी आणले आणि आईच्या मांडीवर तिच्याकडे तोंड करून बसवले. थोड्या वेळाने अंग सैल पडले. त्याने आईच्या तोंडाकडे टक लावून पाहिले. आई काही बोलली नाही. सासूबाई मात्र म्हणाल्या, "मग आजवर कुनी सांगितलं कसं न्हाई हे?"

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजचा लेख त्यासाठीच आहे.

न विचारला जाणारा प्रश्न

ज्या मुलांची वाढ मागे पडली आहे किंवा ज्यांना जन्मतः काही अपंगत्व आहे, त्यांचे आईवडील डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारतात. "चालायला कधी लागेल?" आणि "बोलायला कधी लागेल?" प्रश्न अगदी स्वाभाविक आहेत. पण तिसरा एक प्रश्न असतो, तो क्वचितच कोणी विचारतो. हे मूल आपल्या माणसांना ओळखते का, त्याला कोणाचा आधार वाटतो का, राग आला तर ते शांत होऊ शकते का, चार मुलांत रमते का?

यालाच तज्ज्ञ मंडळी सामाजिक व भावनिक विकास म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट साधी आहे. मुलाचे मन माणसांत रुजणे म्हणजे हा विकास. पाय उशिरा चालतील, कदाचित कुबडीच्या आधाराने चालतील. जीभ उशिरा वळेल. पण मन त्यासाठी थांबून राहत नाही. ते पहिल्या दिवसापासून वाढत असते, चांगल्या दिशेने नाही तर भलत्या. दोन वर्षांच्या वयापर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून "आधी चालू दे, मग बाकीचे पाहू" हा हिशेब चुकीचा ठरतो.

देवघेवीचा व्यवहार

निरोगी तान्ह्या बाळाकडे पाहा. दीड-दोन महिन्यांचे झाले की ते आपल्याकडे पाहून हसते. आपण हसतो. ते हुंकार देते, आपण "हो का गं सोने!" म्हणतो. ते पाय झाडते, आपण त्याच्या पोटावर तोंड घासतो. दिवसातून शंभर वेळा चालणारा हा व्यवहार म्हणजे बाळाची पहिली शाळाच असते. मी काही केले की समोरचा माणूस उत्तर देतो, हा विश्वास त्यातून बसतो.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. आईने आधी बाळाशी नेहमीप्रमाणे खेळायचे आणि मग काही मिनिटे चेहरा दगडासारखा निर्विकार ठेवून नुसते समोर बसायचे. बाळे आधी हसून, हात पुढे करून आईला बोलते करण्याचा प्रयत्न करत. ते जमले नाही की अस्वस्थ होत, तोंड फिरवत, रडू लागत. काही मिनिटांत ही अवस्था! मोबाईलमध्ये डोके घातलेल्या प्रत्येक आईबापाने हा प्रयोग आठवावा.

याच अभ्यासातून आणखी एक दिलासा देणारी गोष्ट पुढे आली. अगदी उत्तम जमणाऱ्या आई-बाळातही सूर जुळलेला असतो तो जेमतेम एक तृतीयांश वेळ. बाकी वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवून घेणे असेच चाललेले असते. तेव्हा माताभगिनींनो, प्रत्येक वेळी अचूक कळलेच पाहिजे असे नाही. चुकल्यावर पुन्हा बाळाकडे वळणे महत्त्वाचे.

आता विचार करा. बाळाची खूणच जर अस्पष्ट असेल, उशिरा येत असेल किंवा भलतीच असेल तर? आई उत्तर देईल कशी? काही आठवडे वाट पाहून ती बिचारी थकते. बाळाशी बोलणे कमी होते. बाळाला उत्तर मिळत नाही म्हणून तेही खुणा करणे कमी करते. दोष कोणाचाच नसतो, पण व्यवहार बंद पडतो. मेंदूतल्या मूळ दोषावर हे दुसरे नुकसान चढते. पहिले नुकसान टाळणे आपल्या हाती नव्हते. दुसरे मात्र बहुतांशी टाळता येते.

खूण ओळखायला शिका

*न दिसणारे बाळ.* अंध बाळ आईच्या डोळ्यांत पाहत नाही, तिला पाहून हसत नाही. आवाज ऐकला की ते एकदम स्तब्ध होते. आईला वाटते, याला मी आल्याचा आनंदच नाही. सेल्मा फ्रायबर्ग या अमेरिकन अभ्यासिकेने १९६० आणि ७० च्या दशकांत अंध बाळांचे घरोघरी जाऊन बारकाईने निरीक्षण केले. तिला आढळले की या बाळांचा चेहरा शांत असला तरी हात बोलत असतात. आईचा आवाज आला की बोटे हलतात, शोधतात, उघडमीट करतात. आयांना "चेहऱ्याकडे नको, हातांकडे बघा" असे शिकवल्यावर त्यांना आपले बाळ सापडले. अशा बाळाला उचलण्यापूर्वी नेहमी नावाने हाक मारा, "मी आले" म्हणा, मगच हात लावा. ते स्तब्ध होते, याचा अर्थ ते कान देऊन ऐकत असते.

*न ऐकणारे बाळ.* ऐकू येणारे मूल पाळण्यात रडले की आई स्वयंपाकघरातून "आले रे, आले" म्हणते आणि निम्मे रडे तिथेच थांबते. बहिऱ्या बाळाला आई दिसेनाशी झाली म्हणजे ती नाहीशीच झाली. म्हणून ते जास्त चिकटते आणि लोक त्याला हट्टी म्हणतात. त्याच्या समोर, त्याच्या उंचीला येऊन बोला. उजेड आपल्या चेहऱ्यावर पडू द्या. जाताना हाताने खूण करून जा आणि रोज तीच खूण करा. खुणा केल्याने मूल बोलायचे आळशी होते, ही समजूत चुकीची आहे. मनातले सांगता येणे आधी महत्त्वाचे, मग ते हाताने का असेना. आणि जिभेला वेखंड चाटवत वर्ष घालवू नका. बाळाला ऐकू येते की नाही याची तपासणी जन्मल्यानंतर पहिल्या महिन्यातसुद्धा करता येते, ती आधी करून घ्या.

*ताठ किंवा लुळे पडणारे बाळ.* सेरेब्रल पाल्सीच्या मुलाबद्दल वर लिहिलेच आहे. त्याला हसायचे असते पण चेहऱ्याचे स्नायू वेळेवर साथ देत नाहीत. हात पुढे करायचा असतो, तो मागे जातो. आपली कडेवर घेण्याची पद्धत अशा ताठ पायांच्या मुलांसाठी फार चांगली आहे. पाय दोन्हीकडे फाकतात, कंबर वाकते आणि मुलाला जग आपल्याच उंचीवरून दिसते. फिजिओथेरपिस्टकडून बसवण्याची, घेण्याची, भरवण्याची पद्धत नीट शिकून घ्या. गोधडीवर आढ्याकडे पाहत पडलेल्या मुलाला माणसांचे चेहरे दिसणार कसे?

*डाऊन सिंड्रोमचे बाळ.* ही बाळे हसतात, पण थोडी उशिरा आणि जरा फिकट. स्नायू सैल असल्याने प्रत्येक उत्तराला वेळ लागतो. आपण बोलतो, क्षणभर थांबतो आणि उत्तर नाही म्हणून निघून जातो. बाळाचे हसू तेव्हा कुठे वाटेत असते! यावर सोपा उपाय आहे. बोलून झाल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा. पुढे ही मुले बहुधा माणसांची फार हौशी असतात. मग उलट काळजी घ्यावी लागते. लाडके म्हणून सगळे माफ, असे होते. पाच वर्षांचा मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्याला मिठी मारतो तेव्हा लोक हसतात, पंधराव्या वर्षी तेच लोक ओरडतात. म्हणून परक्याला नमस्कार, मिठी घरच्यांना, हे लहानपणीच शिकवावे.

*ऑटिझम असलेले मूल.* हे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नाही, नजर देत नाही, बोटाने दाखवत नाही. हवी ती वस्तू घेण्यासाठी आपला हात धरून नेते. गाडीची चाकेच फिरवत बसते. त्याला प्रेम नाही असे मात्र नव्हे. आईबाप दिसले नाहीत तर तेही कासावीस होते. गोंगाट, गर्दी, काही स्पर्श त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त बोचतात. त्याची नजर जबरदस्तीने वळवू नका, आपणच त्याच्या खेळात शिरा. तो चाक फिरवतो तर शेजारी बसून तुम्हीही फिरवा, एखादा शब्द बोला, थांबा. विसाव्या शतकाच्या मध्याला काही तज्ज्ञांनी या विकाराचा दोष आईच्या कोरडेपणाला दिला होता. तो सिद्धांत केव्हाच खोटा ठरला आहे. पण गावात, भावकीत आजही आईलाच बोल लावले जातात, म्हणून मुद्दाम लिहितो.

गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत ६५ कुटुंबांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते घरी जाऊन आईबापांना मुलाच्या खुणा ओळखायला आणि त्यांना उत्तर द्यायला शिकवत होते. त्यामुळे आईबापांचे मुलाला प्रतिसाद देणे सुधारले आणि मुले आपणहून आईबापांशी जास्त संवाद सुरू करू लागली. मोठे रुग्णालय शंभर किलोमीटरवर असले तरी घरात बरेच काही होऊ शकते, असा याचा अर्थ.

माझी एक चूक

इतरांना उपदेश करताना स्वतःचे झाकून ठेवू नये. बऱ्याच वर्षांपूर्वी एक आई दीड वर्षाच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली होती. "हाक मारली तर बघत नाही. बोट करून काही दाखवत नाही. एकटाच झाकणं फिरवत बसतो." मी त्याचे वजन केले, ते उत्तम होते. चालत होता, पळत होता. मी म्हणालो, "मुलगे उशिराच बोलतात. याचे वडीलही उशिराच बोलले असतील. घाबरू नका." आणि वर एक टॉनिकही लिहून दिले.

ती आई माझ्यावर विश्वास ठेवून घरी गेली. पुढे मूल तीन वर्षांचे झाल्यावर बालवाडीतल्या बाईंनी त्यांना तपासणीला पाठवले आणि निदान ऑटिझमचे झाले. दीड वर्ष गेले. ते मी भरून देऊ शकत नाही. तेव्हापासून आईची शंका ही तपासणीतली पहिली खूण, असे मी मानतो. वजन चांगले आहे म्हणजे वाढ चांगली आहे, असे नाही.

वयानुसार काय पाहावे

खालच्या गोष्टी घराघरांत सहज पाहता येतील. एखादी गोष्ट दिसली नाही म्हणजे मोठा आजारच असेल असे नाही, पण दाखवून घ्यावे.

• तीन महिने पूर्ण : आपल्याकडे पाहून हसते का?

• सहा महिने : ओळखीच्या माणसाला ओळखते का? खळखळून हसते का?

• नऊ महिने : नावाने हाक मारली की वळते का? परक्याकडे जाताना बुजते का?

• एक वर्ष : "टाटा" करते का? पदराआड तोंड लपवून केलेल्या "बुवा-कुक"च्या खेळात रमते का?

• दीड वर्ष : चंद्र, कावळा, कुत्रा बोटाने दाखवते का? आणि दाखवून तुमच्याकडे वळून पाहते का?

• दोन वर्षे : कोणी रडत असेल तर थांबून त्याच्याकडे पाहते का?

• तीन वर्षे : दुसरी मुले खेळताना पाहून त्यांच्यात मिसळू पाहते का?

आणि कोणत्याही वयात, येत असलेले शब्द, हसणे, खेळणे एकाएकी बंद झाले तर अजिबात वाट पाहू नका.

एक सूचना. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर दोन वर्षांपर्यंत वय मोजताना तेवढे दिवस वजा करावेत. दोन महिने आधी जन्मलेले बाळ आज आठ महिन्यांचे असेल तर त्याच्याकडून सहा महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवावी.

घरी करण्यासारखे

१) रोज दहा-पंधरा मिनिटे फक्त त्या मुलाची. आंघोळ, तेल लावणे, भरवणे हा वेळही चालेल. त्या वेळी मोबाईल, दूरदर्शन बंद. तोंडासमोर तोंड येईल असे बसा.

२) मूल काय करते ते आधी पाहा, मग त्याची नक्कल करा, मग थांबा. त्याची पाळी आली की वाट पाहा. देवघेव पुन्हा सुरू करण्याची हीच रीत आहे.

३) भावनांना नाव द्या. "राग आला? गाडी मोडली म्हणून राग आला." "घाबरलास, मोठा आवाज झाला." मूल बोलत नसले तरी त्याला कळते. ज्या रागाला नाव असते तो हळूहळू आवरता येतो.

४) दिनक्रम ठरलेला ठेवा. जेवण, झोप, अंघोळ यांची वेळ आणि क्रम रोज सारखा असला की अशा मुलांना फार आधार वाटतो. पाहुणे येणार, गावाला जायचे, तर आधी सांगा. चपला, पिशवी दाखवून सांगा.

५) निवड करू द्या. केळे की बिस्कीट? लाल सदरा की पिवळा? बोलता येत नसेल तर दोन्ही समोर धरा, त्याची नजर जाईल ते द्या. ज्याचे सगळे दुसरेच करतात त्या मुलाला "मला काय हवे" हे सांगण्याची संधीच मिळत नाही.

६) दोन वर्षांखालील मुलाच्या हाती मोबाईल नकोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितल्याप्रमाणे पुढे चार वर्षांपर्यंतही दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. पडद्यावरचा माणूस मुलाच्या हसण्याला उत्तर देत नाही.

आता औषधाबद्दल. मेंदू तल्लख करणारे, बोलते करणारे टॉनिक अस्तित्वात नाही. अपस्मार, थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय असे काही असेल तर त्याचे उपचार जरूर करावेत. पण ऑटिझम बरा करतो म्हणून लाखो रुपये घेऊन स्टेम सेलचे इंजेक्शन देणाऱ्यांपासून दूर राहा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये अशा उपचाराची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट सांगितले आहे.

हट्ट, आदळआपट आणि शिस्त

"डॉक्टर, हा डोके आपटतो, चावतो, काय करू?" ही नेहमीची तक्रार. ज्याला शब्द नाहीत त्याचे वागणे हीच त्याची भाषा. तेव्हा आधी शरीर तपासा. कान दुखतो आहे का, दात किडला आहे का, चार दिवस शौचास झाली नाही का, झोप अपुरी आहे का? बोलता न येणाऱ्या मुलाच्या आदळआपटीमागे मला कितीदा तरी बद्धकोष्ठ आणि कानातला पू सापडला आहे. मध्येच टक लावून थांबणे, हाक ऐकू न येणे हे वारंवार होत असेल तर तो हट्ट नसून फिटचा प्रकार असू शकतो.

शरीर ठीक असेल तर वही घ्या आणि आठ दिवस लिहून ठेवा : आधी काय झाले, मुलाने काय केले, नंतर आपण काय केले. बहुधा उत्तर तिथेच सापडते. ओरडले की बिस्कीट मिळते, असे त्यालाच आपण शिकवलेले असते. मारून फक्त भीती वाढते. चांगले वागले त्या क्षणी कौतुक करा आणि कशाचे ते सांगा. "थांबलास, शाब्बास!"

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच मोठी. "बिचारा" म्हणून काहीच नियम नाहीत, असे नको. नियम थोडे असावेत, सोपे असावेत, पण आजीपासून बापापर्यंत सगळ्यांचे एकच असावेत. मात्र अपेक्षा ठेवताना मुलाची समज पाहा. तीन वर्षांच्या मुलाची समज दीड वर्षाची असेल तर हट्टही दीड वर्षाच्या मुलासारखाच असणार.

चार मुलांत न्या

लग्नकार्यात, जत्रेत, हळदीकुंकवाला अशी मुले दिसत नाहीत. ती मागच्या खोलीत असतात. "लोक विचारतात" हे कारण. लोक दोनदा विचारतील, तिसऱ्यांदा सवय होईल. मुलाला मात्र माणसांची सवय लागायला माणसेच लागतात.

सुरुवात एका मित्रापासून करा. शेजारचे समजूतदार मूल, अर्धा तास, ओळखीचा खेळ. चेंडू एकमेकांकडे लोटणे, पाण्यात खेळणे, वाळूत डबे भरणे. पाळीपाळीने करायचा खेळ सर्वांत चांगला. दुसऱ्या मुलांना खरे सांगून टाका. "त्याला बोलता येत नाही, पण चेंडू फार आवडतो." लहान मुले हे चटकन समजून घेतात, अडचण मोठ्यांचीच असते.

मग अंगणवाडी. ताराबाई मोडक यांनी १९४० च्या दशकात बोर्डी येथे ज्या अंगणवाडीची कल्पना रुजवली, ती मुळात कोणाही मुलाला दाराबाहेर ठेवण्यासाठी नव्हतीच. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली आहे. मूल ओळखणे, त्याला इतरांबरोबर सामावून घेणे आणि पुढे तपासणीला पाठवणे, हे त्यात आहे. तेव्हा सेविकाताईंकडे हक्काने जा. त्यांनाही मुलाच्या खुणा समजावून सांगा, त्याला काय आवडते, कशाची भीती वाटते ते एका कागदावर लिहून द्या.

आई, बाप आणि भावंडे

निदान ऐकल्यावर दुःख होते, राग येतो, देवाला दोष दिला जातो. हे सारे माणसासारखेच आहे. गंडेदोरे, नवस करणाऱ्यांना मी हसत नाही. एवढेच सांगतो की नवस फेडायला जाताना वाटेत व्यायाम चुकवू नका. परंतु आई दोन-दोन महिने नीट झोपत नसेल, कशातच मन लागत नसेल, "आम्ही दोघेही नसतो तर बरे" असे बोलत असेल, तर तो औषधाने आणि समुपदेशनाने बरा होणारा आजार आहे. शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. बापाने कामावरून आल्यावर अर्धा तास मूल घेणे, हासुद्धा आईवरचा उपचारच आहे.

भावंडांना विसरू नका. मोठी बहीण अचानक गप्प झाली, तिचे पोट वरचेवर दुखू लागले तर तिलाही आईचा वेळ हवा आहे असे समजा. "आमच्यानंतर तुलाच सांभाळायचे" हे सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवू नका.

कुठे जावे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचे वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. पथक कधी येणार ते सेविकेला विचारून ठेवा. पुढील तपासणी व उपचार जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होतात. तेथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ अशी सोय एकत्र असणे अपेक्षित असते. जाताना मुलाच्या वागण्याचा मोबाईलवर काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या. डॉक्टरांसमोर मूल गप्प बसते, व्हिडिओ बोलतो.

१९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते २१ झाले आणि त्यात ऑटिझमही आला. प्रमाणपत्र काढायला लाजू नका. ते मुलाच्या कपाळावरचा शिक्का नसून सवलतींची किल्ली आहे. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

शेवटी

लेखाच्या सुरुवातीचा तो मुलगा आता तीन वर्षांचा आहे. अजून चालत नाही. पुढे चालेल की नाही, मी सांगू शकत नाही आणि खोटी आशा दाखवणारही नाही. पण आता तो कडेवरून येतो. परवा खोकल्यासाठी आणला होता. मी स्टेथोस्कोप काढताच त्याने तोंड वेडेवाकडे करून रडायला सुरुवात केली आणि मान वळवून आईच्या खांद्यात घातली. आईला वाटले, मला राग आला. "घाबरतो हो तुम्हाला," ती ओशाळून म्हणाली.

मी म्हटले, "घाबरू द्या. घाबरल्यावर कोणाकडे जायचे ते त्याला कळले आहे."

सासूबाई म्हणाल्या, "माज्याकडं बी येतो आता."